मुळे सरांच्या मॉनिटरचा हिरवा कोपरा

"मॉनिटर निवडणं म्हणजे काही पडद्याचं कापड निवडणं नव्हे!" शौनक मुळे सरांनी चहाचा कप बशीत आपटून जाहीर केलं. "तिथे आवडनिवड चालत नाही, तिथे भौतिकशास्त्र चालतं! जुन्या खेळाला जगात एकच योग्य मॉनिटर असतो, आणि तो मी शोधून काढणार!"

"बरं," निवेदिता म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

बायको नुसतं "बरं" म्हणाली की शहाण्या नवऱ्याने तिथेच थांबायचं असतं. पण सर थांबणाऱ्यांतले नव्हते. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. नगरच्या सावेडी भागात त्यांची ख्याती अशी, की दूधवाला "आज दूध घट्ट आहे" म्हणाला तरी सर त्याला घनता विचारायचे. "मानू नका, मोजा!" हे त्यांचं आवडतं वाक्य. विद्यार्थी त्यांच्या पाठीमागे त्यांना "मोजे सर" म्हणत, आणि ते सरांना माहीतही होतं.

प्रकरण सुरू झालं ते माळा आवरताना. सुटकेसच्या मागून सरांच्या तरुणपणचा, मॉनिटर नसलेला कॉम्प्युटर निघाला. पिवळा पडलेला, जड, बटण पावट्याएवढं! सरांनी धूळ पुसली, वायर जोडली, बटण दाबलं, आणि काय सांगावं, तो खोकत खोकत सुरू झाला. नुसता सुरू झाला नाही, तर त्याच्या पोटात सरांचा खेळसुद्धा शाबूत होता. टोपीवाला एक खाणकामगार असतो. तो शिड्या चढतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, वटवाघळं चुकवतो आणि हिरे गोळा करत करत मजल्यामागून मजले खाली जातो. पदवीच्या अभ्यासाला दिला नसेल एवढा वेळ सरांनी या माणसाला दिला होता. तरीही सगळ्यात खालचा मजला त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिथे काय आहे, हे कुतूहल त्यांच्या मनात इतकी वर्षं तसंच पडून होतं.

पण घरातल्या नव्या सपाट मॉनिटरवर तो खाणकामगार बघवेना! चौकोनी काचेसाठी काढलेलं चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं आणि सडपातळ खाणकामगार लग्नातल्या आचाऱ्यासारखा दिसायला लागला. कडा पुसट. त्यात बटण दाबलं की तो जरा विचार करून मग उडी मारायचा, तोवर खड्डा आलेला असायचा. सरांनी कॉम्प्युटर हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावून पाहिला. तिथे तर वटवाघळं उशांएवढी झाली.

"मग याला हवंय तरी काय?" सरांच्या आईने विचारलं. सुमेधाताई शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. घरात काही नवं घडत असलं की चष्मा पुसून हजर!

"याला जुन्या पद्धतीचा मॉनिटर हवा, आई. मागे मोठी पाठ असते तो. आत काचेची नळी असते, मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो, काचेच्या आतल्या रंगांच्या ठिपक्यांवर आपटतो आणि चित्र उजळतं."

"म्हणजे आपला जुना टीव्ही होता तसा?"

"अगदी बरोबर!"

"तो तूच भंगारात घातलास."

सरांनी हा मुद्दा ऐकू आला नाही असं दाखवलं आणि ते स्कूटर काढून बाहेर पडले.

पुढचे काही दिवस सर मॉनिटरशिवाय दुसरं काही बोलेनात. नगरमधल्या दुरुस्तीवाल्यांनी त्यांना हात जोडले. श्रीरामपूरला एकाकडे आहे असं कळलं, म्हणून सर एसटीने तिथे गेले. मॉनिटर होता, पण त्या गृहस्थाने आतली नळी काढून त्यात देवघर केलं होतं! बटण दाबलं की गणपतीवर लाल दिवा लागायचा. सरांनी नमस्कार केला, प्रसादाचा पेढा घेतला आणि परत आले. त्याच एसटीत त्यांना गोरक्ष आठवला.

गोरक्ष म्हणजे सरांचा कॉलेजातला सोबती. कोल्हारला त्याची शेती आणि दूध संकलन केंद्र. कॉलेजात दोघं एकाच कॉम्प्युटरवर हाच खेळ आळीपाळीने खेळायचे. केंद्रावर पहिल्यापासून एक पाठवाला मॉनिटर होता. त्यावर दुधाचं माप दिसायचं. अलीकडे नवा पडदा आला, तेव्हा गोरक्षने जुना मॉनिटर टाकला नाही, तर जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. सर तडक कोल्हारला पोचले.

"नेतो म्हंतोस तर ने," गोरक्ष म्हणाला. "पर आधी ऐक. इतकी वर्सं वापरला, काचंवर एक डाग न्हाई. संगमनेरचा एक जण कधीपास्नं मागं लागलाय, पर मी दिला न्हाई. का? तर जुनी वस्तू नीट जपनाऱ्याच्याच घरात जावी!"

"अरे, मी भौतिकशास्त्र शिकवतो!"

"त्याचंच तर भ्या वाटतंय. मी रविवारी येतो बघायला. चितर हितं हाय तसं दिसलं, तर मॉनिटर तुजा. बिघडलेलं दिसलं, तर टेम्पोत घालून माघारी! मंग रडायचं न्हाई."

"येच तू!" सर म्हणाले. जिल्ह्यातला शेवटचा धडधाकट मॉनिटर मांडीवर घेऊन ते एसटीने नगरला आणि तिथून रिक्षाने घरी आले. प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याला "सावकाश!" म्हणून ओरडले.

मॉनिटर सुरू झाला. आधी "टंग्" असा घंटेसारखा आवाज आला, मग काच हळूहळू उजळली, आणि खाणकामगार प्रकट झाला! सडपातळ, चपळ, टोपी लालभडक, हिरे लखलखीत. बटण दाबताच उडी! सरांनी काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी निवेदिताला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. निवेदितालाही कबूल करावं लागलं, की हे चित्र काही वेगळंच आहे.

"बघू, बघू," म्हणत सुमेधाताई आल्या आणि टेबलाशेजारच्या दिवाणावर बसल्या. बसल्या म्हणजे, आधी त्यांनी आपली गुंडाळलेली गादी आणून दिवाणावर उभी केली, तिला पाठ टेकली, आणि मग बसल्या.

या गादीबद्दल सांगायला हवं. कॉलनीजवळच्या मंगल कार्यालयात एकदा गाद्यांचं प्रदर्शन भरलं होतं. गादीत जागोजागी चुंबकं शिवलेली, पाठीला गुण येतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि सुमेधाताईंनी ती घेतली. सरांनी घरात आकाशपाताळ एक केलं. "आई, यात कापूस आणि थापा यांशिवाय काही नाही! चुंबक असतं तर मी नाव बदलीन!" गादीला साधी टाचणी लावून बघावी, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. उघड उघड फसवणूक आहे, ती मोजायची कशाला? सुमेधाताई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या रात्री गादीवर झोपायच्या, सकाळी ती गुंडाळायच्या आणि दिवसभर जातील तिथे पाठीशी घ्यायच्या. मायलेकांत त्या विषयावर तेव्हापासून बोलणं झालं नव्हतं.

"हा बिचारा एकटाच खणतो का रे?" सुमेधाताईंनी विचारलं.

"एकटाच."

"याला जेवायला कोण देतं? अरे, वटवाघूळ! वाक, वाक!"

सरांनी दचकून बटण दाबलं आणि खाणकामगार वाचला. सुमेधाताईंनी टाळी वाजवली. आणि त्याच क्षणी सरांना काचेच्या उजव्या कोपऱ्यात हिरवट काहीतरी दिसलं.

त्यांनी चष्मा पुसला. काच पुसली. हिरवा डाग जागचा हलेना. उजवीकडची शिडी भोपळ्याच्या वेलासारखी हिरवी आणि तिच्यावरून जाणारी वटवाघळं पोपटासारखी!

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे सरांनी मॉनिटर लावला तर चित्र निर्मळ! सर आनंदाने नाचायचेच राहिले. नाश्ता झाला, सुमेधाताई "कुठवर गेला आपला खाणकामगार?" म्हणत येऊन बसल्या, आणि थोड्या वेळाने डाग परत हजर!

आता मात्र सरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. डाग पहाटे नसतो आणि दिवसा असतो, म्हणजे काय? ऊन? खिडकीला चादर लावली. विजेचा दाब? मीटर आणून मोजला. खालच्या मजल्यावरची पिठाची गिरणी? गिरणीवाल्या बाईंना सरांनी हात जोडून दोन दिवस दळण बंद ठेवायला लावलं. त्या दोन दिवसांत कॉलनीतल्या निम्म्या घरांनी भात खाल्ला आणि सरांना बोल लावले. डाग होता तसाच.

शेवटी सरांनी कपाळावर हात मारला. "चुंबक! अरे, पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळेल! नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळतो, चुकीच्या ठिपक्यावर पडतो आणि रंग बिघडतो. या घरात कुठेतरी चुंबक आहे!"

मग जी झडती झाली, तशी झडती सावेडीने पाहिली नसेल. स्पीकर गेले गॅलरीत. फ्रीजवरचे चिकटणारे आंबे, कैऱ्या आणि मोर एका डब्यात भरून शेजाऱ्यांकडे. निवेदिताची पर्स, तिला चुंबकाचं बटण म्हणून, ती जिन्यात! स्क्रू-ड्रायव्हर, मोबाईल, दाराला लावलेली चुंबकाची पट्टी, सगळं बाहेर.

"निवेदिता, आठव! घरात अजून कुठे चुंबक आहे?"

निवेदिताने मटाराची टोपली पुढे ओढली आणि सासूबाईंकडे पाहिलं. सुमेधाताईंनी चष्म्यातून वर पाहिलं.

"माझ्या गादीत आहेत की!"

"आई," सर अत्यंत संयमाने म्हणाले, "मी खऱ्या चुंबकांबद्दल बोलतोय."

"बरं," सुमेधाताई म्हणाल्या. सासू-सुनेचं "बरं" अगदी एकसारखं होतं.

शनिवारी सरांनी टेबलच हलवलं. पृथ्वीलाही चुंबकत्व असतं, तेव्हा काचेचं तोंड फिरवून पाहायला हवं! पूर्वेला तोंड केलं, चित्र स्वच्छ. सर ओरडले, "जमलं!" ते ऐकून सुमेधाताई कौतुकाने गादी घेऊन नव्या जागी येऊन टेकल्या. डाग! टेबल उत्तरेकडच्या भिंतीला नेलं, स्वच्छ. सुमेधाताई मागोमाग. डाग! बाथरूमच्या दारापाशी टेबल पोचलं तेव्हा निवेदिता म्हणाली, "आता याच्यापुढे जिना आहे." सर घामाने थबथबले होते. उद्या रविवार! उद्या गोरक्ष टेम्पो घेऊन येणार, हा हिरवा कोपरा बघणार, आणि मॉनिटर जाणार संगमनेरला. मग तो खाणकामगार पुन्हा माळ्यावर आणि खालचा मजला जन्मात दिसणार नाही. सर रडकुंडीला आले.

रविवारी गोरक्ष आला. डोक्याला टोपी, हातात खरवसाचा डबा. सुमेधाताई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी शिरा करत होत्या. सरांनी टेबल पुन्हा दिवाणाशेजारी आणलं होतं. त्यांनी मॉनिटर लावला. टंग्! काच उजळली. चित्र असं स्वच्छ, की सरांना स्वतःलाच खरं वाटेना.

"वा रं पठ्ठ्या!" गोरक्ष खूश झाला. "माज्याकडं हुतं त्याच्याहून लई झ्याक! तुजाच झाला म्हन मॉनिटर."

तेवढ्यात सुमेधाताई बशी घेऊन आल्या. "गोरक्ष, किती वर्षांनी रे! थांब, मी पण बघते." त्यांनी बशी त्याच्या हातात दिली, आतून गादी आणली आणि नेहमीप्रमाणे दिवाणावर टेकून बसल्या.

हिरवा कोपरा उमलला.

गोरक्षचा घास हातातच राहिला. "मुळ्या, ह्ये काय रं हिरवं?"

"कुठे काय?"

"कुठं काय म्हंतोस? तिकडं पार मेथीची भाजी उगवलीया! आत्ता तर न्हवतं." गोरक्षने बशी ठेवली आणि उठून मॉनिटरला दोन्ही हात घातले. "न्हाई, न्हाई. ह्या घरात काईतरी बाधा हाय. मी नेतो माजा मॉनिटर."

त्याला वाट द्यायला सुमेधाताई गादीसकट जरा मागे सरकल्या. डाग लहान झाला. सरांनी ते पाहिलं.

"आई, जरा पुढे ये."

सुमेधाताई पुढे झाल्या. डाग मोठा झाला.

"मागे."

लहान.

"डावीकडे..."

डाग काचेवरून सरकत सरकत डावीकडे आला आणि खाणकामगाराच्या अंगावर येऊन थांबला. बिचारा नखशिखान्त हिरवा झाला!

सरांनी गादीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मॉनिटर उचलायला वाकलेल्या गोरक्षकडे पाहिलं. गप्प राहावं तर मॉनिटर टेम्पोत जातो. बोलावं तर इतके दिवस केलेली सगळी भाषणं अंगावर येतात. एवढी भीती त्यांना विद्यापीठाच्या तपासणीचीसुद्धा वाटली नव्हती.

"आईच्या गादीत," सर घसा खाकरून म्हणाले, "चुंबक आहे."

"असं म्हणतोस?" सुमेधाताई म्हणाल्या. यापलीकडे त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि तेच सरांना फार लागलं. निवेदिताला मात्र हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून आत पळाली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

गोरक्षने मॉनिटर सोडला. त्याची नजर आता गादीवर होती. "काकू, हिच्यात खरंच चुंबक हाय? मंग पाठीला गुन बी येत आसंल!"

"मला येतो बाई."

"चुंबक आहे म्हणजे गुण येतोच असं नाही!" सर ओरडले. "या दोन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध..."

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. "दुधाचे कॅन उचलून उचलून माजी कंबर पार गेलीया काकू," गोरक्ष म्हणाला. "वाकलो की वर येववंना." सुमेधाताईंचं मन मोठं, आणि आज तर त्या जिंकलेल्या! त्यांनी गादी दोरीने बांधली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. वापरून बघ. मला काही घाई नाही." टेम्पो आला होता मॉनिटर न्यायला आणि गेला गादी घेऊन.

सरांच्या मनासारखं झालं. मॉनिटर कायमचा मिळाला. चित्र सकाळ-संध्याकाळ निर्मळ. संध्याकाळी सर हौसेने खेळायला बसले. एक मजला झाला, दुसरा झाला, आणि कोपऱ्यातून अचानक वटवाघूळ आलं. कोणी "वाक!" म्हणालं नाही. खाणकामगार गेला.

सरांनी मागे वळून पाहिलं. दिवाण रिकामा होता.

"आई, ये ना! चित्र बघ कसलं आलंय!"

"नको रे," आतून आवाज आला. "पाठीला आधार नाही, बसवत नाही. पडते जरा."

सरांनी उशा लावून दिल्या. त्या सरकायच्या. लोड आणला, तो टणक. आरामखुर्ची आणली, तिच्यातून सुमेधाताईंना काच दिसेना. दोन दिवस त्या लेकाचं मन राखायला येऊन बसल्या, कण्हल्या आणि आत गेल्या. सर एकटेच खेळत राहिले. एका संध्याकाळी खाणकामगार उतरत उतरत थेट सगळ्यात खालच्या मजल्यावर पोचला! तिथे हिऱ्यांचा ढीग होता, आणि खाणकामगार टोपी काढून नाचत होता. इतक्या वर्षांचं कुतूहल फिटलं!

"आई! पोचला! सगळ्यात खाली पोचला!"

"हो का? छान हं," सुमेधाताई आतून म्हणाल्या आणि कूस बदलल्याचा आवाज आला.

सरांना वाईट वाटलं. त्यांनी मॉनिटर बंद केला. खाणकामगार काय खातो, त्याला थंडी वाजत असेल का, त्याची आई कुठे असेल, असलं काही विचारणारं शेजारी नसलं, तर त्याला खाली नेऊन करायचं तरी काय? त्यांनी गोरक्षला फोन लावला.

"गादी? आता इसर!" गोरक्ष म्हणाला. "माज्या आईनं ताबा घेतलाय. कुनाला हात लावू देत न्हाई. तू मॉनिटर ठेव, आमी गादी ठेवतो, मिटलं!"

पुढच्या आठवड्यात मंगल कार्यालयात पुन्हा प्रदर्शन लागलं. कॉलनीतल्या बायकांनी आपले डोळे चोळून पाहिले, कारण गाद्यांच्या रांगेत साक्षात मुळे सर उभे होते! मान खाली. नंबर आल्यावर त्यांनी खिशातून टाचणी काढली आणि गादीला लावून पाहिली. टाचणी चिकटली. सरांनी मान डोलावली.

"सर, पाठीसाठी घेताय?" टेबलामागच्या बाईंनी आदराने विचारलं.

"नाही."

"मग गुडघे? मान?"

"नाही, नाही. सगळं ठणठणीत आहे."

"मग सर, त्रास तरी काय आहे?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॉनिटरवर चित्र फार स्वच्छ येतंय हो!"